बॅट, बालखेळाडूंची
क्रिकेटच्या नियमांनुसार बॅटची लांबी ९६.५२ सेंमी. व रुंदी १०.८ सेंमी. पेक्षा अधिक नसावी. किमान मापाचे बंधन नाही. त्यामुळे मुलांसाठी १ ते ६ क्रमांकांच्या आखूड बॅटी मिळतात. मूल ताठ उभे असता पायाशी टेकविलेल्या बॅटीच्या मुठीचे टोक कमरेच्या किंचित खाली यावे. मापापेक्षाही वजन महत्त्वाचे. केवळ वरच्या हाताने सरळ उचलता न येणारी बॅट जडच समजावी. मूल वाढेल म्हणून मोठी बॅट घेण्याची काटकसर फटक्याचे वळण बिघडविते. थोरल्या भावाच्या बॅटीने खेळू लागलेल्या सचिन तेंडुलकर यांची मूठ खाली धरण्याची सवय कायम राहिली. मात्र त्यांचे यश अपवादात्मक होय. नवशिक्यास स्वस्त काश्मीरी विलोची बॅट पुरते. इंग्लिश विलो सामान्यतः हलके, पण महाग असते.