कुत्रं, भुंगा आणि मंगळावरची हाक

बिबट्या काल रात्री काय जेवला, हे त्याला विचारायची सोय नाही. मग त्याची विष्ठा वेचायची, धुवायची, वाळवायची आणि आतले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. कुत्र्याच्या केसाची ठेवण वेगळी, शेळीच्या केसाची वेगळी. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या बिबट्यांचा अभ्यास केलेल्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात हा उद्योग केला. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा! शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के. मांजरंसुद्धा शेळ्यांच्या पुढे. शेळीला रात्री गोठा असतो, गावातल्या कुत्र्याला कोण आत घेतंय?

या बिबट्यांमधलाच एक नमुना म्हणजे ‘आजोबा’. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला हा बिबट्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. गडी निघाला तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. रस्ते, रूळ, वस्त्या, कशाचंच वावडं नाही. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

जुन्नरला लागून असलेल्या आंबेगावकडे वळलं की प्रकार आणखी तऱ्हेवाईक. भीमाशंकरच्या जंगलात संशोधक हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनचे त्यांचे सहकारी रात्री भुंग्यांची वाट बघत बसायचे. वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा भुंगा आपल्याला दिवसाचा ठाऊक. पण इथली एक जात रात्री उडते, अमावास्येलाही. या भुंग्याला अंधारात रंग कळतात का? घराच्या तोंडाशी रंगीत खूण लावायची, भुंगा तिला सरावला की खुणांची अदलाबदल करायची आणि तो कुठे शिरू बघतो ते पाहायचं. भुंगा रंगावरच गेला! नुसत्या चांदण्यांच्या उजेडात, जिथे आपल्याला लाल-निळं सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. वर गंमत म्हणजे त्याच्या डोळ्यांची मूळ बांधणी दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांसारखीच. हा शोध २००८ सालचा. रात्रभर जंगलात भुंगे न्याहाळायचे, हे घरी कसं सांगितलं असेल, देव जाणे.

जुन्नरात कुकडीकाठच्या बोरी गावी वाद आहे वयाचा. नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली, सोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. राख आली कुठून, तर सुमात्रातल्या टोबाहून, समुद्र ओलांडून. पण कधी? कोणी म्हणालं १४ लाख वर्षांपूर्वी, कोणी पावणेसात लाख, तर कोणाच्या मते उणीपुरी ७५ हजार. लग्नाच्या बोलणीतही वयाची इतकी ओढाताण होत नाही.

आणि नारायणगावजवळचं खोडद. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इथे आणि आसपासच्या शिवारात पसरल्यात. तबकडी कसली, ताणलेल्या तारांवर बसवलेली जाळी; वारा आरपार जातो. काम आकाशगंगांचे पुसट रेडिओ संदेश टिपायचं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मात्र वेगळीच ड्यूटी लागली. युरोपचं ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण आवाज खोडदच्या तबकड्या थेट ऐकत होत्या. उतरण्याच्या बेतात असताना तो बंद पडला. यान आपटलं होतं.