रातांधळेपणा टिकून राहिल्यास दृष्टिपटलाची तपासणी करून घ्या
जायरेट अ‍ॅट्रॉफी या आनुवंशिक विकाराविषयी माहिती

उजेड मंदावताच मूल अडखळू लागले, तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण प्रथम मनात येते. हे स्वाभाविक आहे. याच कमतरतेपासून संरक्षण मिळावे म्हणून ९ महिने ते ५ वर्षे या वयात बालकांना या जीवनसत्त्वाच्या ९ मात्रा दिल्या जातात. मात्र योग्य मात्रा मिळूनही रातांधळेपणा राहिल्यास दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार असू शकतो. अशा विकारांपैकी जायरेट अ‍ॅट्रॉफी हा दुर्मीळ असला, तरी ओळखणे महत्त्वाचे आहे. कारण त्याचे मूळ चयापचयात असून आहाराने त्याची गती मंदावता येऊ शकते.

शरीरात काय घडते?
प्रथिनांतील आर्जिनिन या घटकापासून शरीरात ऑर्निथिन तयार होते. त्याचे रूपांतर करणारे विकर जनुकीय दोषामुळे निकामी झाल्यास रक्तातील ऑर्निथिन सामान्य प्रमाणाच्या १० ते २० पटींपर्यंत वाढते. परिणामी दृष्टिपटल व त्यामागील रक्तवाहिन्यांचा थर यांवर कडेच्या भागात झिजलेले गोलाकार चट्टे उमटतात. ते एकमेकांत मिसळत मध्यभागाकडे सरकतात.

लक्षणे
• बालपणापासून रातांधळेपणा
• दूरचे अस्पष्ट दिसणे व चष्म्याचा क्रमांक वाढत जाणे
• बाजूचे दिसणे हळूहळू कमी होणे
• तरुण वयातच मोतीबिंदू

निदान व उपचार
बाहुली विस्फारून केलेल्या तपासणीत नेत्रतज्ज्ञांना हे चट्टे दिसतात. रक्तातील ऑर्निथिनची चाचणी व जनुकीय चाचणी यांनी निदान निश्चित होते. काही रुग्णांमध्ये ‘ब-६’ जीवनसत्त्वाने ऑर्निथिन घटते. इतरांना आर्जिनिन मर्यादित असलेला आहार दिला जातो. झिजलेला भाग पूर्ववत होत नाही, म्हणून निदान लवकर होणे हितावह असते.

डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मांस अशा सर्व प्रथिनयुक्त पदार्थांत आर्जिनिन असते. तथापि मुलाची प्रथिने पालकांनी परस्पर कमी करू नयेत. त्याने वाढ खुंटू शकते. आहार डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच ठरवावा. ‘ब-६’च्या गोळ्याही स्वतःहून देऊ नयेत.

कुटुंबीयांसाठी
आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाळाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात कोणाचाही दोष नाही. नात्यातील विवाहात ही शक्यता वाढते. रुग्णाच्या भावंडांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करावी व जनुकीय समुपदेशन घ्यावे.

कोठे जावे?
प्रथम जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभागात जावे. राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण, २०२१ अन्वये दुर्मीळ आजारांसाठी उत्कृष्टता केंद्रे निश्चित करण्यात आली आहेत. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, मुंबईतील के.ई.एम. रुग्णालय व लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था यांचा त्यांत समावेश आहे. जाताना पूर्वीचे तपासणी अहवाल व चष्म्याचे जुने क्रमांक सोबत न्यावेत.