एक्सप्लेनर : श्वानाला घेऊन दारणेकाठी फिरायला निघालात? पट्ट्याइतकेच घड्याळही का महत्त्वाचे?

देवळाली कॅम्पच्या आसपास फिरण्यासाठी जागांची कमतरता नाही. एका बाजूला दारणा नदी, वर इगतपुरी तालुक्यात दारणा, मुकणे आणि भावली धरणांचे पाणी, तर नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरण. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घरच्या श्वानाला गाडीत बसवून पाण्याच्या काठी चालायला नेणारे बरेच दिसतात. मीही त्यातलाच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोतीला घेऊन पहाटे सहाला दारणेकाठच्या शिवाररस्त्यावर गेलो होतो. उजाडले नव्हते, दोन्ही बाजूंना ऊस. मोती अचानक थांबला. कान टवकारलेले, शेपटी पोटाशी, ओढूनही पुढे येईना. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी भरून परतणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हाला पाहिले. बांधावरच्या ओल्या मातीतले ताजे ठसे दाखवले आणि उन्हे आल्यावर या, असे सांगून गेला. ठसे बिबट्याचे होते. तेव्हापासून आमची वेळ बदलली. ती का बदलावी लागते, हे समजून घेऊ.

श्वान आणि बिबट्याचा संबंध काय?

दारणा खोऱ्यात ऊस आहे, पाणी आहे आणि लपायला जागाही आहे. बिबट्या इथे वाट चुकून येत नाही, तो इथेच राहतो आणि उसातच पिले वाढवतो. २०२० मध्ये या खोऱ्यातल्या गावांमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले होते. त्यानंतर वन विभागाला ठिकठिकाणी पिंजरे लावावे लागले.

बिबट्याचे मुख्य खाद्य काय, याचे उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यातून मिळते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वाधिक, म्हणजे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. मांजरांचा क्रमांक त्यानंतर लागला.

म्हणजे तुमच्यासाठी जो घरातला सदस्य आहे, तो बिबट्यासाठी रोजचे भक्ष्य आहे. एरवी माणसाला टाळणारा बिबट्याही कुत्र्यासाठी जवळ येऊ शकतो.

मग नेमके कधी जायचे?

खरी अडचण इथेच आहे. ऊन टाळायचे तर पहाटे निघायला हवे. बिबट्या टाळायचा तर पहाट आणि तिन्हीसांज टाळायला हवी. दोन्ही सांभाळले तर हातात थोडाच वेळ उरतो.

* हिवाळा : सर्वांत चांगला काळ. सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेसात ते दहा किंवा दुपारी साडेतीन ते पाच ही वेळ ठीक. अंधार पडण्याआधी गाडीत बसलेले असावे.
* उन्हाळा : नऊनंतर जमीन तापू लागते. श्वानाला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. डांबरावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवता आला नाही, तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. या दिवसांत दारणाकाठाऐवजी कॅम्पातल्या झाडांखालच्या रस्त्यांवर छोटी फेरी बरी.
* पावसाळा : धरणातून विसर्ग सुरू झाला की दारणेचे पाणी झपाट्याने वाढते. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी नदीपात्रात उतरू नये.

पट्टा सोडला तर काय बिघडते?

श्वान इथे भक्ष्य आहे तसाच शिकारीही आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकदंब यांच्यासारखे पाहुणे पक्षी पाण्याच्या काठी उतरतात. मोकळा श्वान एकदा धावला की अख्खा थवा उडतो आणि अंडी पायाखाली जातात.

दुसरा प्रश्न शेतकऱ्यांचा. धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. आपल्याला ती मोकळी जागा वाटते, पण ते कुणाचे तरी पीक असते. मेंढ्यांच्या कळपामागे श्वान लागला तर नुकसान मेंढपाळाचे होते, शिवाय कळपाचे राखणदार कुत्रे तुमच्या श्वानाला सोडत नाहीत.

तिसरे कारण खास देवळालीचे. इथे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. सरावाच्या तोफांचा आवाज कॅम्पकरांच्या सवयीचा, पण बाहेरून आणलेला श्वान त्या धमाक्याने बिथरून पळू शकतो. त्यामुळे गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवर बसणारा हार्नेस वापरावा. घाबरलेला श्वान पट्ट्यातून मान सोडवून घेतो, हार्नेसमधून सहज सुटत नाही.

कुठे अजिबात नेऊ नये?

* फायरिंग रेंज : सरावक्षेत्रात नागरिकांना प्रवेश नाही. बहुला किल्लाही याच भागात येतो. न फुटलेला तोफगोळा जमिनीत असू शकतो आणि जमीन उकरणे हा तर श्वानाचा स्वभावच.
* नांदूर मध्यमेश्वर : गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरले. पाळीव श्वानासाठी ही जागा नाही.
* कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य : भंडारदरा परिसरातला ट्रेक मोहात पाडतो, पण इथेही वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. घरच्या श्वानाकडून जंगलात आजार जाऊ शकतात. २०१८ मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंमागे कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आढळला होता. हा मूळचा श्वानांमध्ये पसरणारा आजार.
* पांडवलेणी आणि धरणाची भिंत : पहिले संरक्षित स्मारक, तर दुसरे प्रतिबंधित क्षेत्र.

धरणाचे पाणी प्यायला द्यावे का?

नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या जिवाणूंमुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. तो श्वानाकडून माणसालाही होऊ शकतो. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळसर साय दिसली तर श्वानाला तिथे जाऊच देऊ नये. त्या शेवाळसदृश जिवाणूंचे विष यकृतावर आणि मज्जासंस्थेवर हल्ला करते. पाणी घरूनच न्यावे. गंगापूर धरणातून तर नाशिक शहराला पिण्याचे पाणी येते, त्यामुळे तिथे श्वानाला अंघोळ घालणेही टाळावे.

निघण्यापूर्वी काय तपासायचे?

* रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का?
* गोचिडांचे औषध दिले आहे का? घरी आल्यावर कान, काख आणि बोटांच्या बेचक्या तपासा.
* गळ्यात तुमच्या मोबाइल क्रमांकाचा बिल्ला आहे का?
* पाणी, वाटी, जुना टॉवेल आणि विष्ठा उचलायला पिशव्या घेतल्या का?
* पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा श्वान असेल तर लांबची चाल टाळा.

प्रसंग ओढवलाच तर?

बिबट्या दिसला : पळू नका, वाकू किंवा बसू नका. श्वानाला पायाशी ओढून घ्या, मोठ्याने आवाज करा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. त्याने श्वानाला धरलेच तर सोडवायला झेपावू नका. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

उष्माघात : धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, तोल जातो, अशी लक्षणे दिसली तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवा आणि वारा घाला. बर्फ लावू नका. लगेच पशुवैद्यकाकडे न्या.

साप चावला : श्वानाला चालवू नका, उचलून न्या. जखम कापणे किंवा घट्ट दोरी बांधणे टाळा. घोणस आणि नाग दोन्ही या भागात आहेत आणि उपचार प्रतिविषानेच होतो. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.

आम्ही आजही मोतीला घेऊन दारणेकाठी जातो, पण आता घरून निघतो ते सात वाजल्यानंतरच. त्या पहाटे माझ्या आधी धोका त्याला कळला होता. चालताना तुमचा श्वान अचानक थांबला तर पट्टा ओढू नका. आल्या वाटेने मागे फिरा.