दोन परदेशी, त्यांतला एक गोलकीपर

कॅमेरून म्हटलं की आपल्याकडे आजही रॉजर मिला आणि कॉर्नर फ्लॅगजवळचा त्याचा नाच आठवतो. १९९० चा विश्वचषक दूरदर्शनवर जागून पाहिलेल्या पिढीचं तर हे ठरलेलंच. माझा जीव मात्र त्या संघाच्या गोलपोस्टमध्ये अडकला, तो आजतागायत. तिथे लांब ट्रॅक पँट घालून तोमा एन्कोनो उभा असायचा.

जन्म १९५६ चा, कॅमेरूनमधल्या दिझांगेचा. याउंदेच्या कॅनन क्लबकडून नाव कमावलं, १९७९ आणि १९८२ मध्ये आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. स्पेनमधल्या १९८२ च्या विश्वचषकात कॅमेरूनने तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि एकच गोल खाल्ला, तोही इटलीच्या ग्राझियानीचा हेडर येताना एन्कोनोचा पाय घसरला म्हणून. तरी जास्त गोलांच्या जोरावर इटली पुढे गेली आणि जगज्जेती झाली!

खरी गोष्ट सुरू होते ती यानंतर. बार्सिलोना शहरातल्या एस्पान्योल क्लबने त्याला करारबद्ध केलं. तेव्हा स्पॅनिश क्लबला दोनच परदेशी खेळाडू खेळवता येत, आणि त्या जागा सहसा गोल करणाऱ्यांसाठी राखल्या जात. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या बार्सा क्लबने मॅराडोनाला आणलं. एस्पान्योलने मात्र परदेशींच्या दोन जागांपैकी एक आफ्रिकेतल्या गोलकीपरला दिली, हे धाडस मला मॅराडोनाच्या खरेदीपेक्षा मोठं वाटतं. आफ्रिकी गोलकीपरवर युरोपचा विश्वास बसायचा होता, असा तो काळ.

एन्कोनोने तो विश्वास कमावला. आठ मोसम, दोनशेहून जास्त ला लीगा सामने. गर्दीत घुसून दोन्ही मुठींनी चेंडू थेट मध्यरेषेकडे भिरकावण्याची त्याची ढब पाहावी! १९८७-८८ च्या यूएफा कपमध्ये प्रशिक्षक साक्कींच्या मिलानला एस्पान्योलविरुद्ध दोन सामन्यांत मिळून एकही गोल करता आला नाही, आणि तोच मिलान त्या मोसमात इटलीचा विजेता होता. अंतिम फेरीत एस्पान्योल घरच्या मैदानावर लेव्हरकुझेनविरुद्ध ३-० ने जिंकला, परतीच्या सामन्यात तितक्याच फरकाने हरला आणि पेनल्टींवर ३-२ ने चषक गमावला. बार्सिलोनाला गेलो तेव्हा मी एस्पान्योलचं ते सारिया मैदान शोधत गेलो. १९९७ मध्ये ते पाडलं. आता तिथे इमारती आणि बाग आहे. आजूबाजूला मुलं खेळत होती, मी मात्र गोलपोस्ट कुठे असेल याचा अंदाज घेत राहिलो.

१९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर जोसेफ-आंत्वान बेल होता. ऐन सलामीच्या सामन्याआधी निर्णय फिरला आणि एन्कोनो उतरला. समोर मॅराडोनाचा जगज्जेता अर्जेंटिना. कॅमेरूनचे दोघे बाहेर काढले गेले, तरी निकाल १-०! इटलीत बारा वर्षांचा जानलुइजी बुफॉन ती स्पर्धा पाहत होता. त्याला गोलकीपर व्हावंसं वाटलं ते एन्कोनोमुळे; पुढे मुलाचं नावही त्याने तोमावरून लुई थॉमस ठेवलं.

एन्कोनो पुढे एस्पान्योलमध्येच गोलकीपरांचा प्रशिक्षक झाला, आणि २००४ मध्ये त्याच्याच देशाचा कामेनी त्याच गोलपोस्टमध्ये उभा राहिला. ८ जून १९९० च्या त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर जरूर पाहा, आणि यावेळी मॅराडोनाकडे नको, कॅमेरूनच्या गोलकडे लक्ष ठेवा.