पुस्तक पेरलं १९०७ साली, उगवलं केव्हा?

भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा, १९०७ साली, कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात. मधे जवळजवळ पन्नास वर्षं! पुस्तकाचं परीक्षण मात्र आपण आठवडाभरात उरकतो आणि वर तारेही देतो. त्यात भाषा, मांडणी, छपाई यांचा हिशेब लागतो; पुस्तकाने पेरलेल्या प्रश्नाचा लागत नाही. म्हणून परीक्षणात आवडलं-नावडलंच्या आधी हे पुस्तक वाचकाला कोणता प्रश्न देऊन जातं, ते यायला हवं.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांना घडवलं अस्पृश्यतेच्या अनुभवाने, पुस्तकाने नव्हे. अर्धं खरं आहे. तोच अनुभव लाखोंच्या वाट्याला आला होता. त्यातून वाट शोधायला वाचन लागलं, तेही एका पुस्तकाचं नव्हे. शिवाय हे वाचन मान डोलावणारं नव्हतं. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही परंपरेतली कथा त्यांनी आपल्या बुद्धग्रंथात नाकारली आणि त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय या कुळांत झालेला तंटा कारण म्हणून मांडला. माझ्या मते केळुसकरांच्या पुस्तकाचं सगळ्यात कसदार परीक्षण हेच, जरी त्यावर तसं लेबल नसलं तरी.