भस्मे आणि नॅनोकण : साम्य कोठवर?

'आयुर्वेदीय भस्मे ही प्राचीन नॅनो औषधेच होत' असे विधान औषधांच्या माहितीपत्रकांतून वारंवार वाचनात येते. रुग्णही चिकित्सालयात त्याविषयी विचारणा करतात. हे विधान कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार प्रत्येक वैद्याने करणे अगत्याचे आहे.

सूक्ष्मतेचे तत्त्व

मीटरचा अब्जांश भाग म्हणजे नॅनोमीटर. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास एकूण पृष्ठफळ ६०० चौ. मीटर होते. द्रव्य तेवढेच राहते, संपर्कक्षेत्र मात्र दहा लाख पट वाढते.

या सूक्ष्मतेचे उपयोग अनेक आहेत. सुवर्णाचे नॅनोकण द्रवात लाल दिसतात. गर्भनिदानाच्या पट्टीवरील लाल रेषा बहुधा त्यांचीच असते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या विद्युत्घटात कण सूक्ष्म केल्याने लिथियमचा प्रवास सुलभ होतो. चांदीच्या कणांतून सुटणारे आयन जंतूंच्या विकरांतील गंधकयुक्त गटांशी बद्ध होऊन त्यांचे कार्य थांबवतात. आयआयटी मद्रासमधील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलशुद्धीकरणाच्या पदार्थात हेच आयन संथपणे सुटत राहतील अशी योजना आहे.

भस्मांची स्थिती

शोधन, भावना, मर्दन व पुट या संस्कारांनी धातू अतिसूक्ष्म होतो, हे निर्विवाद. २००७ मध्ये 'गोल्ड बुलेटिन'मधील एका अभ्यासात सुवर्ण भस्मात सुमारे ५६ नॅनोमीटरचे स्फटिककण आढळल्याचे नमूद आहे. परंतु एका नमुन्याचा निष्कर्ष सर्व भस्मांना लावता येत नाही. रेखापूर्णत्व व वारितरत्व या परीक्षा सूक्ष्मतेच्या द्योतक खऱ्या; तथापि बोटावरील रेषांत नॅनोकणांहून शेकडो पट मोठे कणही सहज भरतात आणि पाण्यावर तरंगण्यास पृष्ठताण साह्य करतो.

रासायनिक रूपाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. गंधक वा हिंगुळाच्या योगाने सिद्ध केलेल्या रजत भस्मात चांदी बहुतांशी सल्फाइडच्या रूपात असते. हे संयुग पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने त्यातून आयन क्वचितच सुटतात. म्हणून नॅनोचांदीचे जंतुघ्नत्व रजत भस्मास परस्पर जोडणे शास्त्रसंमत नाही.

वैद्यांचे उत्तरदायित्व

सूक्ष्म कण शरीरात अधिक सहज पोहोचत असेल, तर त्याची विषारताही तितक्याच सहज पोहोचू शकते. चांदीच्या दीर्घकालीन सेवनाने त्वचा कायमची निळसर-करडी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कलिल चांदीच्या औषधांना सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला. २००४ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळले. त्या वृत्ताची झळ निर्दोष औषधे देणाऱ्या वैद्यांनाही पोहोचली.

ग्रंथोक्त परीक्षांसोबत क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व विद्राव्यता यांचे तपासणी-अहवाल आपण निर्मात्यांकडून गटक्रमांकानुसार मागवावेत. अहवाल नसलेले भस्म, विशेषतः बालक, गर्भिणी व वृक्करुग्ण यांस, देऊ नये. निरुत्थ व अपुनर्भव या कसोट्या घालून देणाऱ्या रसाचार्यांनी परीक्षेविना भस्म स्वीकारले नव्हते. आपणही तोच दंडक पाळावा.