चुना, नीळ, टँकर

पहाटे ४.५०
गल्लीत अजून काळोख आहे. जोधपूरच्या ब्रह्मपुरीत मी पाहुणा म्हणून उतरलोय. समोरच्या घरापुढं एक बल्ब लोंबतोय आणि त्याच्याखाली दोन माणसं वाकून पिंप ढवळतायत. काल दुपारी याच पिंपात कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं होतं, तेव्हा ते भात उतू जावा तसं खदखदत होतं. आता हात लावला तर पत्रा कोमट लागतो.

घर एका निवृत्त मास्तरांचं. गल्ली त्यांना माटसाब म्हणते. नऊ दिवसांनी आखातीज, म्हणजे आमच्या खानदेशातली आखाजी. आमच्याकडे त्या दिवशी माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, इथं मारवाडात त्या मुहूर्ताला लग्नांची रीघ लागते. माटसाबांच्या नातीचं लग्नही त्याच दिवशी. म्हणून रंग.

५.१५
चुना गाळायचा. जुन्या ओढणीचं फडकं दुसऱ्या पिंपाच्या तोंडाला बांधलंय. वरून चुना ओततात, खाली दाट दुधासारखं उतरतं, फडक्यावर खडे राहतात. उस्ताद, म्हणजे मुख्य कारागीर, पन्नाशीचा. कोपरापर्यंत मोहरीचं तेल चोळून बसलाय. तेल नसेल तर संध्याकाळपर्यंत बोटांना भेगा पडतात. तेल असलं तरी पडतात, फक्त जरा कमी.

आता नीळ. आपण कपड्यांना देतो तीच जात, फक्त इथं किलोच्या हिशेबात. पुरचुंडी बांधून पिंपात बुडवायची आणि पिळायची. सुटी भुकटी टाकली तर भिंतीवर निळे फराटे उठतात. रात्री भिजवलेला डिंक, दोन मुठी मीठ. मापाचं भांडं कुठंच नाही. उस्ताद एका फुटक्या दगडावर कुंचा ओढतो, दगड गॅसच्या शेगडीवर धरून वाळवतो, बल्बखाली पाहतो. ओला रंग गडद आणि मळकट दिसतो, वाळला की दोन पायऱ्या उजळतो. "अजून दोन पिळे," तो पुतण्याला सांगतो.

५.४०
टँकर चौकात आला. गल्लीत तो शिरत नाही, दोन दुचाक्या समोरासमोर आल्या तरी एकीला मागं जावं लागतं. चौकातून लांबलचक पाइप ओढून घराखालच्या टाक्यात पाणी सोडलं. पाच हजार लिटर, सातशे रुपये. आज नळाचा दिवस नाही. माटसाबांनी खिशातून वही काढली आणि तारीख घालून लिहिलं. या कामातला हा दुसरा टँकर.

६.१०
सूर्य वर आला, म्हणून मंडळी घराच्या मागं पश्चिमेच्या भिंतीकडे गेली. सकाळी पश्चिम, संध्याकाळी पूर्व. उस्ताद दिवसभर सावलीच्या मागं मागं फिरतो. तापल्या भिंतीवर चुना धरत नाही. पाणी उडून जातं, मागं नुसती भुकटी राहते. पाठ टेकली की शर्ट निळा. चुन्याला हवेतून पक्कं व्हायचं असतं आणि त्यासाठी भिंतीत ओल टिकावी लागते.

म्हणून आधी पाणी. पुतण्याच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे, सोळा लिटरचा. मी ओळखला. आमच्याकडे कपाशीवर मारतात तोच. त्यांच्या गावी तो जिऱ्यावर चालतो, आता सीझन संपला म्हणून इथं. "तीनदा धुतलाय," पुतण्या मला आपणहून सांगतो. वाळूच्या दगडाची भिंत पाणी अशी पिते की पहिला फेर मारून तो टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीची जागा कोरडी.

६.३०
गच्चीवरच्या खांबाला दोर बांधून फळीचा झुला खाली सोडलाय. त्यावर दुसरा कारागीर. कमरेला वेगळा दोर. कुंचा मुंज गवताचा, ठोकून ठोकून टोक मऊ केलेला. पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा, मग तिसरा पुन्हा उभा. रोलर का नाही, असं मी विचारलं. उत्तर वरून आलं: "रोलर वरवर फिरतो. कुंचा आत घालतो."

डोळ्यात शिंतोडा गेला. त्यानं शांतपणे कमरेची पाण्याची बाटली काढली, डोळा उघडा धरून अर्धी ओतली, दोन मिनिटं बसला, पुन्हा सुरू. साठ रुपयांचा चष्मा खिशात आहे. त्यावर ठिपके पडले की काही दिसत नाही म्हणे.

८.००
मिर्चीबडे आले, चहा आला. नाश्ता मालकाचा, तसं बोलीतच ठरलंय. दिवसाचे दीडशे.

माटसाब पायरीवर वही उघडून बसले. अंदाज १५,००० चा होता. उस्तादाची मजुरी रोज १,०००, दुसऱ्याची ८५०, पुतण्याची ६००. चार दिवस धरले होते, पाच होणार. पाचव्या दिवसाचं कारण तळमजल्यावर आहे. काही वर्षांपूर्वी माटसाबांच्या मुलानं तेवढ्या भागाला प्लास्टिक पेंट मारून घेतला होता. पुन्हा पुन्हा कटकट नको म्हणून. त्यावर चुना चिकटत नाही. खुरपी आणि तारेचा ब्रश घेऊन दोन माणसं दीड दिवस तो खरवडत होती. पोपडा उलटून पाहिला तर मागं दगडाची पूड चिकटून आलेली. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट नव्हती, तिनं दगडच सोलला. पोपडे आणि राडा हातगाडीवरून न्यायचे ४०० वेगळे.

९.३०
गल्लीतून परदेशी पाहुण्यांचा घोळका गेला. वाटाड्या घरं निळी का ते सांगत होता. ब्राह्मणांची वस्ती म्हणून निळी. चुन्यात मोरचूद घातला की वाळवी लागत नाही म्हणून निळी. घर गार राहतं म्हणून निळी. तिन्ही कारणं एका दमात. उस्तादाला विचारलं तर म्हणाला, "गार ठेवतो तो चुना. निळा काय आणि पांढरा काय." मला हे पटतं. पण फोटो त्यांनी निळ्याचेच काढले.

१०.४५
भिंतीवर सावली अजून आहे, सूर्य डोक्यावर यायला वेळ आहे. पण वारा सुटला. कोरडा, भट्टीच्या तोंडातून यावा तसा. कुंचा बादलीतून काढून भिंतीला टेकेपर्यंत कडेचे केस वाळतात. उस्तादानं एक पट्टा ओढला, बोटानं चोळला, बोट निळं झालं. "बस." पिंपावर ओलं गोणपाट टाकलं. सकाळची पाळी संपली.

दुपारी १२ ते ४
काम नाही. पोळीत, म्हणजे दारामागच्या दगडी देवडीत, सोगरा (बाजरीची भाकरी), कांदा, छाछ. मग तिघंही पोळीतच आडवे. घरातली सगळ्यात गार जागा ती. फोनवर ४१ अंश. पूर्वेची भिंत सकाळभर तापलेली, तिला हात लावून पाच मोजता येत नाहीत.

हे चार तास फुकट जातात का? मजुरी तर पूर्ण दिवसाची आहे. गेल्या मे महिन्यात जळगावला माझ्या घराला रंग दिला, तेव्हा ठेकेदारानं असा एक तासही वाया घालवला नाही. दुपारी दोनला तापल्या भिंतीवर रोलर फिरत होता. दोन दिवसांत काम फत्ते, मी खूश. दिवाळीच्या आत त्या भिंतीला फोड आले. भिंत रंगाला खालून भाजत होती आणि वर साय धरत होती, एवढंच झालं होतं. पैसे आधीच देऊन बसलो होतो.

४.२०
आता गल्लीकडची पूर्वेची दर्शनी बाजू. सूर्य मागं गेलाय, पण दगडातली धग गेलेली नाही. पुतण्या पाणी मारतो, भिंतीतून वाफेसारखा वास येतो. एक टाकी, दुसरी टाकी, तिसरी. चौथ्या टाकीला उस्तादानं तळहात टेकवला आणि मान हलवली. पंप भरायला खाली, मारायला वर. जिन्याच्या पायऱ्या मी मोजल्या: एकेचाळीस.

५.३०
दारावरचा गणपती माटसाबांच्या पत्नीनं स्वतः फडक्यानं झाकला. "भाभीसा, मी सांभाळतो," उस्ताद म्हणाला. "मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास." सगळे हसले. गणपतीच्या सोंडेवर जुना निळा ठिपका अजून आहे.

६.५०
उजेड उतरला. दुसरा हात जेमतेम पुरा झाला. भिंत आत्ता ओलसर करडी दिसते. उद्या सकाळी निळी होईल. कुंचे धुऊन डोकं खाली करून टांगले. मजुरी रोजच्या रोज: २,४५० रुपये. उस्तादानं मोजले, पुतण्याचे सहाशे त्याच्या हातात दिले, त्यातले शंभर परत मागितले, सकाळच्या फोन रिचार्जचे.

रात्री ८.१५
वहीतलं पान माटसाबांनी माझ्याकडे सरकवलं. मजुरी पाच दिवसांची १२,२५०. चुना ८० किलो, ९६०. नीळ चार किलो, ८८०. डिंक-मीठ ३४०. शिडी, दोर, झुल्याचं भाडं १,०००. टँकर दोन, १,४००. चहा-नाश्ता ७५०. हातगाडी ४००. एकूण १७,९८०. चुन्यापेक्षा पाणी महाग. घरालाही त्यातलंच लागतं हे खरं, पण तरी.

बाहेरच्या इमल्शनचा दर चौरस फुटाला २२ सांगितला होता. १,९०० फुटांचे ४१,८०० झाले असते. पाच-सहा वर्षं पाहावं लागलं नसतं. चुना दोन वर्षांनी पुन्हा. तीनदा दिला की हिशेब तिथंच येतो किंवा पुढं जातो. मी बोट ठेवून ते दाखवलं. माटसाबांनी चष्मा काढला. "ते मी पंधरा वर्षांपूर्वीच काढलंय. पण एकरकमी एक्केचाळीस हजार आणायचे कुठून? अठरा येतात, ओढाताण करून. आणि भिंत दगडाची आहे, तिला श्वास लागतो."

९.३०
चुना रात्री सुकू द्यायचा नाही, निदान पहिली रात्र. कारागीर गेले, पंप ठेवून गेले. भाभीसांचा गुडघा दुखतो, माटसाबांचं वय सत्तरीच्या पुढं. एक टाकी मी भरून वर नेली. सोळा लिटर, एकेचाळीस पायऱ्या. पाणी जपून मारा, असं खालून दोनदा सांगितलं गेलं. उद्याही नळाचा दिवस नाही.